लडलोचा बाजार आणि ३३ फुटांचे प्लॉट

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलंय: मुलगी बर्मिंगहॅमला असते, ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत, जावयांनी एक दिवस लडलोला न्यायचं ठरवलंय. हे 'मार्केट टाऊन' म्हणजे नक्की काय? आठवडी बाजार भरतो ते गाव, एवढंच असेल तर आपल्याकडे अशी शेकडो आहेत. आणि फोटोत दिसणारी ती काळी-पांढरी लाकडी घरं खरंच जुनी आहेत, की पर्यटकांसाठी सजवून ठेवलेली?

सर, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. सुरुवात वाईतल्या वाड्यांपासून झाली. गेली सतरा वर्षं वेल्सच्या सीमेलगतच्या भागात, हेरफर्डशायर आणि श्रॉपशायरमध्ये, लाकडी सांगाड्याची घरं दुरुस्त करण्यात गेली आहेत. लडलोत मी कामानिमित्त कित्येकदा जाऊन राहिले आहे. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, पण तुमचा एक दिवस कारणी लागावा असं मनापासून वाटतं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते त्यांच्यामागे प्रश्न एकच आहे. एखाद्या गावात 'जुनं' म्हणजे नेमकं काय जुनं असतं? भिंती, रंग, दारं-खिडक्या, दुकानाच्या पाट्या या सगळ्या गोष्टी बदलत राहतात. लडलोतसुद्धा बदलल्या आहेत, आणि सारख्या बदलल्या आहेत. न बदललेली गोष्ट म्हणजे जमिनीवरच्या रेघा: बाजाराचा आकार, रस्त्याची रुंदी, प्लॉटची रुंदी. त्या आठ-नऊशे वर्षांपूर्वी दोरी धरून आखल्या गेल्या, आणि गाव आजही त्यांच्या आतच राहतं. हे एकदा डोक्यात बसलं की घरं खरी की सजवलेली, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

आधी एक गोष्ट मान्य करते. मी सांगते ते सगळ्या इंग्लिश बाजारगावांना जसंच्या तसं लागू होत नाही. काही गावं आखून वसवलेली, काही चर्चच्या दारात भरणाऱ्या बाजाराभोवती आपोआप वाढलेली. कॉट्सवोल्ड्समध्ये दगड चांगला, तिथे गाव दगडाचं. आमच्या भागात ओक भरपूर, म्हणून गाव लाकडाचं. लडलो हे आखून वसवलेल्यांपैकी, आणि आखणी अजून उघड दिसते असं. शिकायला म्हणून याहून सोपं गाव मला तरी माहीत नाही.

आता 'मार्केट टाऊन'. इंग्लंडमध्ये बाजार भरवणं हा मध्ययुगात हक्क होता, आणि हक्क म्हणजे मालमत्ता. राजाकडून सनद मिळवायची, वार ठरवून घ्यायचा, मग त्या वारी येणाऱ्या प्रत्येक गाडीवर, गुरावर, मांडलेल्या फळीवर जहागीरदाराने कर घ्यायचा. पेशवाईत नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना कौल देत, सुरुवातीची काही वर्षं कर माफ करत. त्याच जातीचा हा व्यवहार आहे. व्यापारी हवे असतील तर त्यांना जागा द्या, संरक्षण द्या, आणि धनी कोण हे स्पष्ट ठेवा. बाजारात तंटा झाला तर तो त्याच दिवशी निकालात काढायला बाजाराचं स्वतःचं कोर्ट असे. त्याचं नाव 'पायपावडर', म्हणजे धुळीने भरलेल्या पायांच्या माणसांचं कोर्ट. परगावचा विक्रेता उद्या इथे नसणार, म्हणून न्याय आजच.

या हक्कामुळेच नकाशावर बाजारगावं ठरावीक अंतरावर दिसतात. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात हिशेब दिला आहे. माणूस दिवसाला २० मैल चालतो. त्या दिवसाचे तीन भाग करा: एक भाग बाजाराला जायला, एक खरेदी-विक्रीला, एक उजेडात घरी परतायला. म्हणजे बाजार घरापासून पावणेसात मैलांच्या आत हवा, काटेकोर सांगायचं तर सहा पूर्णांक दोन तृतीयांश. तेवढ्या अंतराच्या आत दुसऱ्याने नवा बाजार सुरू केला तर पहिला त्याला कोर्टात खेचू शके. आपल्याकडे आठवडी बाजाराचे वार शेजारच्या गावांशी जुळवून घेतलेले असतात, तिकडेही तसेच होते. डोक्यावर अंड्यांची पाटी घेऊन निघालेल्या बाईच्या पायांनी तो नकाशा ठरवला आहे, असं मी नेहमी सांगते. मला तो राजांच्या लढायांच्या नकाशापेक्षा जास्त खरा वाटतो.

तुमच्या प्रश्नातला फरक इथे येतो. बाजार भरतो म्हणून गाव, असं नाही. बाजार भरवण्यासाठी म्हणून गाव आखलं गेलं, त्यातल्या रहिवाशांना शेतकऱ्यांपेक्षा वेगळा दर्जा दिला गेला, आणि पुढे त्यातूनच त्यांची स्वतःची नगरसत्ता उभी राहिली. मार्केट टाऊन म्हणजे हे सगळं मिळून.

लडलोचं उदाहरण घ्या. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या गावोगावच्या जमिनींच्या नोंदीत, लडलोचं नावच नाही. नदीपलीकडचं लडफर्ड आहे, लडलो नाही. लेसी घराण्यातल्या नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या शेवटी टीम नदीच्या वळणावर, उंच कड्यावर किल्ला बांधला, कारण पलीकडे वेल्स. किल्ल्यातल्या शिबंदीला धान्य, चामडं, घोड्यांचे नाल, दारू सगळं लागतं. म्हणून किल्ल्याच्या दारापासून पूर्वेकडे, टेकडीच्या माथ्यावरून, एक लांबच लांब रुंद पट्टा बाजारासाठी सोडला. त्या पट्ट्यापासून दक्षिणेकडे, नदीच्या दिशेने, उतारावर रुंद समांतर रस्ते काढले. मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट ते हेच. मिल स्ट्रीटच्या खाली नदीवर बंधारे आणि गिरण्या, म्हणून ते नाव.

रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पाडले. त्यांना 'बर्गेज' म्हणत. रस्त्याकडे तोंड अरुंद, मागे खोली लांबलचक. समोर दुकान, वर राहणं, मागे कारखाना, डुकरं, भाजी, विहीर. भाडं ठरलेलं, बहुतेक इंग्लिश गावांत वर्षाला एक शिलिंग. ते दिलं की प्लॉट विकायला, मुलाला द्यायला मालक मोकळा. लडलोत अनेक ठिकाणी मूळ प्लॉटची रुंदी ३३ फूट निघते. ३३ का, तर जमीन मोजायची काठी, 'पर्च', साडेसोळा फुटांची आणि प्लॉट दोन काठ्यांचा. पुढे कुणी अर्धा विकला, कुणी शेजारचा अर्धा घेतला, तरी बेरीज तीच राहते. एका कामासाठी मी ओळीने पाच घरांच्या दर्शनी बाजू मोजल्या होत्या. प्रत्येकाची रुंदी वेगळी, एकही आकडा सरळ नाही. सगळ्यांची बेरीज केली आणि ती तीन प्लॉटच्या रुंदीशी जवळजवळ इंचात जुळली. त्या दिवशी भर पावसात रस्त्यावर उभी राहून मी तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. काठी टाकणारा माणूस नुकताच पुढच्या कोपऱ्यावर वळला असावा, असं वाटलं.

तुम्ही ब्रॉड स्ट्रीटवर उभे राहाल तेव्हा घरांच्या सौंदर्याकडे आधी बघू नका. दोन घरांमधली सीमा बघा. पावसाचा पाइप जिथून खाली येतो, विटांचा रंग जिथे बदलतो, छताची पन्हळ जिथे तुटते, ती रेघ बहुधा बाराव्या-तेराव्या शतकातली आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंचं बांधकाम तीन-चार वेळा पाडून झालं असेल, रेघ आहे तिथे आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, बाजारातलं अतिक्रमण. किल्ल्याच्या दारासमोरचा चौक मोकळा आहे, पण तिथून पूर्वेला चालू लागलात की एकदम अरुंद बोळ लागतात. चर्च स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, हार्प लेन. हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील की काय, असं वाटावं इतके काही अरुंद. बाकी गाव इतकं ऐसपैस आखलेलं, मग मध्येच ही दाटी कशाला? कारण ती जागा मुळात रस्ताच नव्हती, ती बाजाराची मोकळी पट्टी होती. आधी बाजाराच्या दिवशी फळ्या मांडल्या जात. मग फळ्या रोज तिथेच राहू लागल्या. मग वर छप्पर आलं, मग मागे भिंत, मग माडी, आणि भाडं मिळतंय म्हटल्यावर जहागीरदाराने आणि गावाने डोळेझाक केली. एकेका धंद्याची ओळ झाली, कापडवाल्यांची वेगळी, खाटकांची वेगळी. दोन ओळींमधून माणूस आणि हातगाडी जाईल एवढी फट राहिली, तीच आजची गल्ली. आपल्या मंडईजवळ टपरीची पक्की गाळारांग झालेली तुम्ही पाहिलीच असेल. इथे तेच झालं, फक्त सहाशे-सातशे वर्षांपूर्वी. म्हणून या घरांना मागे परसू नाही, लांब प्लॉट नाही. फळीएवढीच जमीन आहे. कोणतं घर आखलेल्या प्लॉटवर आणि कोणतं टपरीच्या जागेवर, हे परसावरून ओळखता येतं.

पैसा आला तो लोकरीतून. डोंगरउतारावर मेंढ्या, नदीवर कापड बडवून दाट करणाऱ्या गिरण्या. लडलोचा लॉरेन्स हा तेराव्या शतकातला लोकरीचा व्यापारी इतका श्रीमंत होता की राजाला कर्ज देई. उत्तरेला काही मैलांवर स्टोकसेला त्याने स्वतःसाठी तटबंदीचं घर बांधलं. त्याचा परवाना १२९१ चा आहे आणि घर आजही जवळजवळ पूर्ण उभं आहे. तुमच्याकडे गाडी असेल तर ते चुकवू नका. १२९४ मध्ये लोकर घेऊन निघालेल्या जहाजासकट तो बुडाला. राजाने लोकरीवर बसवलेल्या जड कराच्या बोलण्यांत त्याचा हात होता, म्हणून लोकरवाल्यांचं पाप त्याला भोवलं आणि तो लोकरीच्याच जहाजात मेला, असा शेरा एका मठाच्या बखरीत आहे. भाव पडले की शेतकरी दलालाबद्दल काय बोलतो, ते आठवा.

गावाला तट होता. १२३३ पासून त्यासाठी कर वसूल करायची परवानगी मिळाली, आणि वेशी होत्या सात. त्यातली एकच, ब्रॉड गेट, शिल्लक आहे आणि तिच्या डोक्यावर घर आहे. वेशीतून मोटारी जातात, वर माणसं राहतात.

लोकरीएवढीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पामर्स गिल्ड. तेराव्या शतकातली ही धार्मिक संघटना. सभासदाने वर्गणी भरायची, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या आत्म्यासाठी पुरोहितांनी प्रार्थना करायची. तिचे कारभारी वर्गण्या गोळा करत घोड्यावरून दूरदूर फिरत आणि सभासद इंग्लंडभर होते. त्या पैशातून गिल्डने गावात घरं घेतली, शाळा चालवली, म्हाताऱ्यांसाठी आश्रम चालवला, आणि सेंट लॉरेन्स चर्चला ते आजचं भव्य रूप दिलं. त्याचा मनोरा १३५ फूट उंच आहे. १५५१ मध्ये गिल्ड संपलं. देशभर अशा संस्थांच्या मालमत्ता सरकारजमा होत होत्या, पण लडलोच्या लोकांनी खटपट करून आपली मालमत्ता गावाच्या नगरमंडळाकडे वळवून घेतली, शाळा आणि आश्रम चालू ठेवण्याच्या अटीवर. बाजारावर उभ्या राहिलेल्या गावाला कागदपत्र कसं सांभाळायचं हे चांगलं कळत होतं.

राजकारणाबद्दल थोडक्यात सांगते, किल्ल्यात पाट्या आहेतच. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी भांडत होती. १४५९ च्या ऑक्टोबरमध्ये लडफर्डच्या पुलाशी यॉर्क पक्षाचं सैन्य रातोरात विरघळलं आणि लँकेस्टरच्या सैन्याने लडलो लुटलं. दोनच वर्षांनी यॉर्कच्या ड्यूकचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. त्याने १४६१ मध्ये गावाला सनद दिली, कारभार गावाच्या हातात आणि पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी. मग वेल्स आणि सीमाभागाचा कारभार पाहणारी कौन्सिल किल्ल्यात बसू लागली. राजपुत्र आर्थर १५०२ मध्ये इथेच वारला, आणि त्याचा धाकटा भाऊ पुढे आठवा हेन्री झाला. पण गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की कौन्सिल म्हणजे कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे वकील, कारकून, पक्षकार, खानावळी. फोटोत तुम्ही पाहिलेलं ते सगळ्यात नक्षीदार घर, 'फेदर्स', १६१९ मध्ये एका वकिलाने बांधलं. १६८९ मध्ये कौन्सिल कायमची बंद झाली. किल्ल्याचं छप्पर गेलं, शिसं गेलं, लाकूड गेलं. गाव मात्र उरलं, कारण बाजार उरला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, घरं खरी का. सरळ उत्तर असं, की बहुतेक सांगाडे खरे, चेहरे नंतरचे. अठराव्या शतकात आसपासचे जमीनदार हिवाळ्यात गावात येऊन राहू लागले. त्यांना लाकडी घर गावंढळ वाटे. त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या जुन्या घरांना समोरून विटांचा नवा चेहरा दिला, सरळ रेषेत मोठ्या खिडक्या बसवल्या, दारावर कमान काढली. मागचा सांगाडा आहे तसाच ठेवला, कारण तो पाडून नवा बांधण्याइतका पैसा नव्हता, आणि गरजही नव्हती. मिल स्ट्रीटवरचं गिल्डहॉल बघा. बाहेरून अठराव्या शतकातल्या हौसेचा टोकदार कमानींचा चेहरा, आत मध्ययुगीन सभागृहाचं लाकूड.

अशाच एका घरात, शेजारच्या गावात, ओल येते म्हणून मला बोलावलं होतं. समोर विटा, आतून गुळगुळीत गिलावा, मालकीणबाईंना वाटत होतं घर दोनशे वर्षांचं आहे. पोटमाळ्यावर गिलाव्याचा एक तुकडा काढला तर मागे ओकचा खांब, आणि त्यावर छिन्नीने कोरलेल्या सुताराच्या खुणा. रोमन आकड्यांसारख्या, पाचच्या जागी व्ही, चारच्या जागी सरळ चार रेघा. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जोडून बघत, प्रत्येक सांध्याला जोडीचा आकडा टाकत, मग सुटा करून जागेवर आणून पुन्हा उभा करत. खिळे नाहीत, लाकडी खुंट्या. ओक ओला असतानाच कापत, आणि तो वाळताना वळतो, म्हणून ही घरं वाकडी दिसतात. वाकडं आहे म्हणजे पडायला आलंय असं समजू नका. बऱ्याच घरांनी तो बाक पहिल्या पन्नास वर्षांतच घेतला आणि मग ती स्थिरावली.

ओल कुठून येत होती? कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी मागच्या बाजूला सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या गिलाव्यातून भिंत श्वास घेते, आत गेलेलं पाणी वाळून बाहेर पडतं. सिमेंटला बारीक तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच कोंडतं. सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर सगळे खांब उभे असतात, ती मी चमच्याने उकरू शकले, इतकी कुजली होती. वाईत वाड्यांच्या बाबतीत हेच पाहिलं होतं. चांगल्या हेतूने केलेलं सिमेंट. तेवढा भाग कापून नवा ओक सांधला, चुना परत केला, आणि वरचं साडेचारशे वर्षांचं लाकूड जागेवर राहिलं.

काळ्या-पांढऱ्या रंगाबद्दल मात्र तुमची शंका रास्त आहे. लाकूड काळं आणि भिंत पांढरी, हा ठळक विरोध बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आवड आहे. पूर्वी या भागात ओक तसाच राखाडी ठेवत, किंवा लाकूड आणि भिंत सगळ्यावरून एकच चुन्याचा हात फिरवत. म्हणजे घर जुनं, रंगाची फॅशन नवी.

मग सगळं टिकलं कसं? कुणी शहाणपणाने जपलं म्हणून नव्हे, किमान सुरुवातीला तरी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लडलोत हातमोजे शिवण्याचा धंदा जोरात होता, घराघरांतून बायका शिवत. १८२६ मध्ये परदेशी हातमोज्यांवरची बंदी उठली आणि तो धंदा बसला. रेल्वे १८५२ मध्ये आली, गावाखालून बोगदा काढून गेली, पण तिच्याबरोबर कारखाने आले नाहीत. बर्मिंगहॅमने त्याच शतकात आपलं जुनं गाव पाडून नवं बांधलं, कारण त्याच्याकडे पैसा होता. लडलोकडे पाडण्याइतका पैसा नव्हता. विसाव्या शतकात लोकांना जुन्या घरांची किंमत कळू लागली तोवर ती उभी होती. आज गावात जवळपास पाचशे इमारतींना कायद्याचं संरक्षण आहे, आणि वस्ती दहा हजारांच्या आसपास.

एक गोष्ट मराठी माणसाने तिथे जाताना माहीत असावी असं मला वाटतं. लडलोपासून दोन-तीन मैलांवर, ब्रॉमफील्डजवळ, ओकली पार्क नावाची इस्टेट आहे. ती १७७१ मध्ये रॉबर्ट क्लाइव्हने विकत घेतली. हाच क्लाइव्ह १७५६ मध्ये विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांच्या जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता, आणि पुढच्याच वर्षी प्लासीला. हिंदुस्थानातून आणलेल्या संपत्तीतून त्याने श्रॉपशायरमध्ये जमिनी घेतल्या, आणि जमिनींबरोबर मतं. त्याचा मुलगा एडवर्ड वीस वर्षं लडलोचा खासदार होता, मग मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याच्याच कारकिर्दीत श्रीरंगपट्टण पडलं, आणि परत आल्यावर १८११ मध्ये त्याने सरकारकडून लडलोचा किल्ला विकत घेतला. किल्ला आजही त्या घराण्याच्या पॉविस इस्टेटचा आहे. तुम्ही दारात तिकीट काढाल तेव्हा हे आठवावं. ज्या भिंतींकडे आपण परक्याच्या इतिहासाच्या म्हणून बघतो, त्यांच्या खरेदीखतात आपल्या किनाऱ्याचाही हिशेब असू शकतो. मला पहिल्यांदा हे कळलं त्या दिवशी मी किल्ल्याच्या अंगणात बराच वेळ बसून राहिले होते.

चौकाबद्दल एक. आज किल्ल्यासमोर जो मोकळा बाजारचौक दिसतो, तो फार जुना, अस्पर्श वाटतो. तिथे १८८७ मध्ये लाल विटांची मोठी मार्केट हॉलची इमारत बांधली होती, आणि त्याआधीही बाजारघर होतं. लाल इमारत १९८६ मध्ये पाडली. म्हणजे मध्ययुगीन दिसणारी ही मोकळीक चाळीस वर्षांची आहे. तरी मी तिला खोटी म्हणणार नाही. जागा मूळची बाजाराचीच, वरचं झाकण काढलं, आणि लोक परत तिथेच फळ्या मांडू लागले. गुरांचा बाजार मात्र गेला. तो भरायचा त्या जागी, कॉर्व्ह स्ट्रीटवर, आता टेस्को या साखळीचं मोठं दुकान आहे. मागच्या डोंगरांच्या रेषेशी जुळावं म्हणून त्याचं छप्पर वक्राकार केलंय. १९९५ पासून किल्ल्यात खाद्यमहोत्सव भरतो, त्याने गावाला नवं नाव आणि नवे पैसे मिळाले. घरांच्या किमतीही चढल्या. माझ्याबरोबर काम करणारे दोन तरुण सुतार गावात दुरुस्त्या करतात, पण तिथे राहायला त्यांना परवडत नाही, रोज बाहेरून येतात. मला याची खरोखर काळजी वाटते. बर्गेजची सगळी कल्पनाच ही होती, की दुकानाच्या वर दुकानदार राहील.

आता तुमचा दिवस. हे तुमच्या गुडघ्यांवर आणि वारावर अवलंबून आहे. बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी असतो, शक्यतो यांतलाच वार धरा. ब्रॉड स्ट्रीटचा उतार चांगलाच आहे. गुडघे दुखत असतील तर जावयांना सांगून वरच उतरा आणि फक्त खाली चालत या, गाडी खाली पुलापाशी बोलवा. सुरुवात बाजारचौकात करा. फळ्या बघा, मग हार्प लेनच्या दाटीतून बाहेर या, म्हणजे टपऱ्यांची गोष्ट पायांना कळेल. पुढे ब्रॉड स्ट्रीटच्या डोक्यावर बटरक्रॉस लागेल, १७४६ ची दगडी इमारत. खाली खांबांमधला मोकळा भाग लोणी विकणाऱ्यांसाठी, वर खोल्या. तिथून खाली, वेशीतून, नदीपर्यंत. पूल ओलांडून व्हिटक्लिफच्या चढावर जाता आलं तर किल्ला, मनोरा आणि उतरते रस्ते एका नजरेत दिसतात. पण मुलीबरोबर आहात, पाऊस असेल, तर तो हट्ट सोडा.

चर्च मात्र सोडू नका. पुढच्या भागात पुरोहितांची लाकडी आसनं आहेत, उचलून मुडपता येणारी. उभं राहायचं असताना टेकायला म्हणून त्या आसनांच्या खालच्या बाजूला छोटी कोरीव फळी असते. चौदाव्या-पंधराव्या शतकातलं काम आहे आणि अशी २८ आसनं आहेत. त्यांतल्या एकावर एक दारूवाली बाई कोरली आहे. एका भुताने तिला खांद्यावर उलटं टाकलंय, दुसरं तिच्या गुन्ह्यांची यादी वाचतंय, तिसरं वाद्य वाजवतंय, आणि बाजूला नरकाचा जबडा उघडा आहे. तिच्या हातात अजून मापाचा कुंजा आहे. गुन्हा: माप कमी भरलं. राजांच्या आणि संतांच्या गर्दीत गावाने आपल्या बाजारातली एक विक्रेती कोरून घेतली, आणि पुरोहित तिच्यावर टेकून प्रार्थना म्हणत. आसन स्वतः उचलू नका, जुनं लाकूड आहे. तिथे बसणाऱ्या स्वयंसेवकांना विचारा, ते दाखवतात.